नव्व्याण्णवांतली एक

नोव्हेंबर 2016 मध्ये फोक्सवॅगनने भारतात पोलो जीटीआय आणली. देशासाठी फक्त 99 गाड्या, अशी जाहिरातच होती. गाडी तीन दारांची, इंजिन 1.8 लिटरचे टर्बो, ताकद 192 पीएस आणि शोरूमची किंमत 25 लाख 65 हजार रुपये. दिसायला मात्र ती त्याच पोलोची सख्खी बहीण, जी तिच्या तिसऱ्या हिश्श्यात मिळत होती. या 99 गाड्यांवर उड्या पडतील असा हिशेब असावा. तसे झाले नाही. पुढे कंपनीला किंमत 19 लाख 99 हजारांवर आणावी लागली. उभ्या भारतात शंभरही नसलेली वस्तू साडेपाच लाखांहून अधिक उतरवून विकावी लागली, यातच लिमिटेड एडिशनच्या साऱ्या व्यवहाराचे मर्म आहे. संख्या कमी आहे एवढ्यावर गाडी मोलाची ठरत नाही. ती संख्या कमी का आहे, हा खरा प्रश्न. गाडी चालवायला सुखाची आहे का आणि जपून ठेवण्याजोगी आहे का, या दोन्हींचे उत्तर त्या एका 'का'मध्ये सापडते. माझे म्हणणे असे की ही दोन उत्तरे सहसा एकच असतात. चालवायला चांगली म्हणूनच जी जपावीशी वाटते, तीच गाडी पुढे संग्रहात टिकते. केवळ क्रमांकाची पाटी लावून आलेली गाडी दोन्हीकडे उणी पडते.

गाड्या मोजून काढण्याची प्रथा सुरू झाली ती शर्यतीच्या नियमांतून. शर्यतीत उतरणारी गाडी ही खास बनवलेले यंत्र नसून ग्राहकाला विकलेली गाडी आहे, हे सिद्ध करण्यासाठी अमुक इतक्या गाड्या बनवल्याच पाहिजेत, अशी अट असे. म्हणजे मूळचा आकडा 'याहून जास्त नाही' असा नव्हताच, तो 'याहून कमी नाही' असा होता. फेरारी 250 जीटीओसाठी शंभराची अट होती. फेरारीने ही आमच्या जुन्याच गाडीची सुधारित आवृत्ती आहे असे सांगून वेळ निभावली आणि प्रत्यक्षात 36 गाड्या बनल्या. 1980 च्या दशकात ग्रुप बी नावाच्या शर्यतींसाठी 200 गाड्यांचा नियम आला. त्यातून फेरारी 288 जीटीओ जन्मली, 272 गाड्यांची. बीएमडब्ल्यूच्या पहिल्या एम3 साठी तर वर्षभरात 5,000 गाड्यांची अट होती आणि शेवटी 17 हजारांहून अधिक बनल्या. तरीही त्या एम3 ला आज जाणकारांत जो मान आहे तो शेपाचशेच्या आकड्यात काढलेल्या कित्येक गाड्यांना नाही. फेरारी एफ40 सुरुवातीला चारशेच बनवायचे ठरले होते. मागणी पाहून कारखाना थांबला नाही आणि 1,300 हून जास्त गाड्या बाहेर पडल्या. शब्द मोडला म्हणून एफ40 ची किंमत कोसळली का? उलट आज ती मूळ किमतीच्या कितीतरी वर आहे, कारण लोकांना ती गाडी हवी होती, तिचा आकडा नव्हे.

आपल्याकडच्या लिमिटेड गाड्यांचे आकडे दुसऱ्याच ठिकाणाहून येतात. परदेशातून संपूर्ण बनून आलेली गाडी भारतात विकायची तर तिची इथल्या नियमांनुसार तपासणी आणि मान्यता घ्यावी लागते. त्यात वेळ आणि पैसा जातो. काही वर्षांपूर्वी सरकारने सवलत दिली की मान्य परदेशी मानकांत बसणाऱ्या गाड्या एका कंपनीला वर्षाला 2,500 पर्यंत या तपासणीविना आणता येतील. त्यानंतर छोट्या आकड्यांच्या गाड्या भराभर येऊ लागल्या. 2020 मध्ये स्कोडाने 245 पीएसची ऑक्टाव्हिया आरएस आणली ती 200 गाड्यांपुरती, जवळजवळ 36 लाखांना, आणि ती संपूनही गेली. 2025 मध्ये आलेल्या गोल्फ जीटीआयची 53 लाखांच्या घरातली पहिली 150 गाड्यांची खेप हातोहात गेली. यात लपवाछपवी काही नाही. पण युरोपात या गाड्या कोणीही शोरूममध्ये जाऊन मागवू शकतो, हे खरेदीदाराने ध्यानात घ्यावे. त्यांची दुर्मिळता गाडीच्या अंगची नाही. आयात शुल्काची, सवलतीच्या मर्यादेची आणि इथल्या लहान बाजाराची आहे. पुढल्या वर्षी आणखी एक खेप आली की कालची दुर्मिळता आज पातळ होते.

दुर्मिळता अशी पातळ कशी होते, याचा सर्वांत स्वच्छ पुरावा पोर्शेने दिला आहे. 2013 मध्ये आलेल्या 911 जीटी3 मध्ये हाताने बदलायचे गिअर काढून टाकले होते. फक्त स्वयंचलित डबल क्लच. तो वेगवान होता यात वाद नाही, पण डाव्या पायाने क्लच दाबून उजव्या हाताने गिअर टाकण्यात ज्यांना रस होता ते नाराज झाले (पोर्शेचे निम्मेअधिक जग डावीकडे बसून चालवते, म्हणून उजवा हात). 2016 मध्ये कंपनीने 911 आर काढली. 4 लिटरचे 500 पीएसचे इंजिन, सहा गिअर, तेही हाताने टाकायचे, वजन 1,370 किलो आणि संख्या 991. गाड्या ग्राहकांच्या हाती पडायच्या आधीच त्यांचे सौदे मूळ किमतीच्या दुपटीपलीकडे गेले. लोक आकड्यासाठी वेडे झाले असे तेव्हा वाटत होते. मग 2017 मध्ये पोर्शेने नव्या जीटी3 ला हाताचे गिअर पुन्हा दिले, वर मागचा मोठा पंख नको असेल त्यांच्यासाठी टूरिंग नावाचा पर्यायही दिला आणि त्यावर संख्येचे बंधन ठेवले नाही. 911 आरचे भाव लगेच उतरले. 991 चा आकडा तर जसाच्या तसा होता, एकही गाडी वाढली नव्हती. मग उतरले काय? लोक ज्याचे पैसे मोजत होते ती चीज, म्हणजे तसे इंजिन आणि तसे गिअर यांची जोडी, दुसरीकडे मिळू लागली. ज्यांनी आरची खरेदी तिच्या चालीसाठी केली होती त्यांचे काहीच गेले नाही, गाडी तितकीच गोड चालत होती. तोटा झाला तो केवळ पाटीसाठी चढ्या भावाने घेणाऱ्यांचा.

आता चालवण्याच्या सुखाकडे येऊ, आणि ते आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या अक्कलकोटच्या रस्त्यावर उभे राहूनच पाहू, कारण इटलीतल्या वळणांवर मिळालेली प्रशस्ती इथे कामाची नाही. सोलापूरहून अक्कलकोटपर्यंत साधारण 40 किलोमीटरचा पल्ला. हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, गुरुवारी आणि गुरुपौर्णिमेला स्वामी समर्थांच्या दर्शनाला निघालेल्या गाड्या, कडेने चालणारी माणसे, आणि गाव आले की गतिरोधक. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोल गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे ताशी 25 किलोमीटरने गाडी सुखरूप ओलांडते. गावोगावचे गतिरोधक या मापात बसत नाहीत हे सांगायला नको. अरुंद आणि उंच ढिगाऱ्यावर जमिनीलगतची स्पोर्ट्स कार पोटाने टेकते. अशा रस्त्यावर 600 अश्वशक्तीची गाडी दुसऱ्या गिअरमध्येच कायद्याची मर्यादा ओलांडते. चालकाला इंजिनाचा वरचा पट्टा कधी ऐकूच येत नाही. म्हणून गाडीचा आनंद हा तिच्या कमाल वेगात शोधणे आपल्याकडे व्यर्थ आहे. ताशी 60 ते 90 च्या दरम्यान गाडी काय सांगते, ते पाहायचे. वळणात शिरताना स्टिअरिंगमधून पुढच्या चाकांची पकड हाताला कळते का, ब्रेक पायाच्या दाबाच्या प्रमाणात लागतो का, गिअर जागेवर नेमका बसतो का, वजन कमी असल्याने गाडी चालकाच्या मनाबरोबर वळते का. या कसोटीवर जगातली सर्वांत यशस्वी दोन आसनी स्पोर्ट्स कार मोजून काढलेली नाहीच. माझदा एमएक्स-5 ची दहा लाखावी गाडी एप्रिल 2016 मध्ये बाहेर पडली. वजन टनाच्या आसपास, ताकद मध्यम, आणि तरीही तिच्या चालीचे नाव आदराने घेतले जाते. दहा लाख बनलेली गाडी सुख देऊ शकते आणि 99 बनलेली सुख देईलच असे नाही, एवढे यातून निश्चित होते. खुद्द पोलो जीटीआयला मात्र न्याय द्यायला हवा: ती चालायला उत्तम होती. पोलोचे आटोपशीर अंग, त्यात 192 पीएस, आणि आपल्या खाचखळग्यांना पुरणारी उंची. म्हणूनच किंमत घसरल्यावरही तिचे चाहते टिकले आणि आज ती शोधणारे आहेत. पाटीने जे दिले नाही ते चालीने दिले.

याच कसोटीवर टाटा मोटर्सचे दोन प्रयत्न शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. मार्च 2017 मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात टाटांनी रेसमो नावाची दोन आसनी गाडी मांडली. इंजिन चालकाच्या पाठीमागे, 1.2 लिटर टर्बो, 190 पीएस, आणि संख्या 250 असे सांगितले गेले. बेत खर्चात अडकला आणि गाडी रस्त्यावर आलीच नाही. ऑक्टोबर 2018 मध्ये त्याच टाटांनी कोइम्बतूरच्या जयेम कंपनीच्या साथीने टियागो जेटीपी आणली. घरोघरी असलेली टियागो, तिच्यात 114 पीएसचे टर्बो इंजिन, बदललेले सस्पेन्शन, रुंद टायर, हाताचे गिअर, आणि किंमत 6 लाख 39 हजार. कोणताही आकडा जाहीर नव्हता, पाटी नव्हती. 2020 मध्ये प्रदूषणाची नवी मानके आली तेव्हा तिला नवे इंजिन देण्याइतकी विक्री नव्हती आणि ती बंद झाली. म्हणजे संख्या मर्यादित झाली ती नशिबाने. पण काचा, दारे, दिवे, ब्रेकचे बहुतेक भाग साध्या टियागोचेच. सोलापुरात कुठल्याही अधिकृत सर्व्हिस सेंटरवर ती आत घेतली जाते. मराठी तरुणाने दहा लाखांच्या आत संग्रहाची पहिली गाडी घ्यायची तर मी बिनदिक्कत हिच्याकडे बोट दाखवीन.

सुट्या भागांचा मुद्दा नव्या गाडीपुढे नारळ फोडताना कोणाच्या मनात येत नाही, पण संग्रहाचे आयुष्य त्यावरच ठरते. आपल्या देशात स्पोर्ट्स कार बनवण्याची धडपड ज्यांनी केली त्यांच्याबद्दल मला आदर आहे, आणि त्यांच्या गाड्यांतून हा धडा सर्वांत स्पष्ट मिळतो. 1990 च्या दशकाच्या अखेरीस सॅन मोटर्सने स्टॉर्म काढली. फायबरग्लासचे अंग, दोन आसने आणि रेनोचे छोटे इंजिन. तेव्हा रेनो भारतात गाड्या विकत नव्हती, त्यामुळे इंजिनाचा एखादा भाग गेला तर तो शेजारच्या दुकानात मिळण्याची सोय नव्हती. मुंबईच्या दिलीप छाब्रियांची अवंती 2012 च्या दिल्ली ऑटो एक्स्पोमध्ये लोकांसमोर आली. मागे बसवलेले 2 लिटरचे 250 अश्वशक्तीचे टर्बो इंजिन हेही रेनोचेच. नंतर 310 अश्वशक्तीची आणि 31 गाड्यांची खास आवृत्तीही जाहीर झाली. तिचे रूप मुलांनी भिंतीवर लावावे असे होते. पण अपघातात पुढचा बंपर फुटला तर तो बाजारात नाही, साचा बनवणाऱ्याकडेच जावे लागणार. याउलट अलिबागच्या चिंकारा मोटर्सने जी रोडस्टर बनवली ती जुन्या लोटस सेव्हनच्या धाटणीची: उघडी, हलकी, दारेही नावापुरती. तिच्यात इसुझूचे 1.8 लिटर इंजिन, तेच जे अँबॅसेडरमध्ये होते. अँबॅसेडरच्या इंजिनाला हात घालू शकणारा मेकॅनिक महाराष्ट्राच्या प्रत्येक तालुक्यात होता. इतक्या साध्या योजनेमुळे ही गाडी आणखी वीस वर्षे चालती ठेवता येईल. संग्राहकाने गाडी पाहायला जाताना तशा किती बनल्या हे विचारण्याआधी तिच्या इंजिनाचे भाग अजून कुठल्या गाडीत होते, हे विचारावे.

इथे एक भक्कम हरकत येते आणि ती टाळून चालणार नाही. गाडी चालवली की तिची किंमत उतरते, हे बाजार रोज दाखवतो. मॅकलारेन एफ1 च्या एकूण 106 गाड्या बनल्या. त्यांतली एक ऑगस्ट 2021 मध्ये अमेरिकेत लिलावात 2 कोटी 4 लाख डॉलरहून जास्त किमतीला गेली आणि तिच्या मीटरवर 400 किलोमीटरही नव्हते. न चालवलेल्या गाडीला एवढा मोबदला मिळत असेल तर चालवण्याच्या सुखाची भाषा संग्राहकाने का करावी? याचे उत्तर मीटरवरच्या आकड्याला भाव कधी येतो, ते पाहिल्यावर मिळते. अलीकडच्या लिमिटेड गाड्या बहुतेक सगळ्याच मालकांनी जपून ठेवलेल्या असतात. सगळ्यांचा रंग शाबूत, सगळ्यांची कागदपत्रे शाबूत, कोणाच्याच नावावर काही घडलेले नाही. मग एकीला दुसरीहून वेगळी म्हणायला मीटरखेरीज उरतेच काय? जिथे इतिहास नाही तिथे किलोमीटर मोजले जातात. जिथे इतिहास आहे तिथे उलटे होते. नोव्हेंबर 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात फेरारीची 1962 सालची जीटीओ 5 कोटी 17 लाख डॉलरना विकली गेली. ती नुर्बुर्गरिंगवर धावलेली, ल मांला उतरलेली गाडी; तिला धावली म्हणून कोणी कमी लेखले नाही. मे 2022 मध्ये मर्सिडीजची 300 एसएलआर उलेनहाउट कूपे 13 कोटी 50 लाख युरोंना गेली, आजवर कुठल्याही मोटारीला मिळालेली सर्वांत मोठी किंमत. अशा दोनच गाड्या बनल्या. आणि ज्यांचे नाव त्यांना मिळाले ते अभियंते रुडॉल्फ उलेनहाउट त्यांतली एक गाडी कंपनीची मोटार म्हणून साध्या रस्त्यांवर चालवत असत. जगातली सर्वांत महाग गाडी चालवली गेलेली आहे, आणि ती चालवली गेल्याची गोष्टच तिच्या किमतीत भरली आहे.

गाडीला इतिहास मिळतो तो कारखान्यातून नाही, माणसांकडून, याचे आपल्याच मातीतले उदाहरण म्हणजे सचिन तेंडुलकरांची फेरारी. 2002 मध्ये त्यांनी डॉन ब्रॅडमनच्या 29 कसोटी शतकांशी बरोबरी केली, आणि त्या निमित्ताने त्यांना फेरारी 360 मोडेना भेट मिळाली; मायकेल शूमाखरने इंग्लंडमध्ये किल्ली दिली. गाडी भारतात आणताना सीमाशुल्काच्या माफीवरून मोठा वाद झाला आणि शेवटी ते शुल्क फियाटने भरले. 2011 मध्ये तेंडुलकरांनी ती विकली. आता 360 मोडेना ही काही मोजून काढलेली गाडी नव्हे. हजारांच्या संख्येत बनली. त्याच मालिकेतली हलकी, 425 अश्वशक्तीची चॅलेंज स्ट्राडाले खरी दुर्मिळ, सुमारे तेराशेच. पण मराठी घरात फेरारी म्हटले की कोणती गाडी आठवते? मुंबईच्या रस्त्यांवर सचिन चालवत असलेली ती मोडेनाच. याच मॉडेलच्या पोटात डोकावले तर जपणे म्हणजे काय हेही कळते. तिच्या व्ही8 इंजिनात कॅमशाफ्ट फिरवणारा रबरी पट्टा आहे. कारखान्याने तो ठरावीक वर्षांनी बदलायला सांगितला आहे, किलोमीटर कितीही झाले असोत. नेहमीचा शिरस्ता तीन वर्षांचा. 360 मध्ये तो आसनांच्या मागची झडप काढून बदलता येतो. त्याआधीच्या 355 मध्ये त्यासाठी इंजिन खाली उतरवावे लागे. गाडी पोत्याखाली पाच वर्षे उभी ठेवून मीटर वाचवले तरी पट्टा वाचत नाही. तो तुटला तर व्हॉल्व आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि मीटरवरच्या थोड्या किलोमीटरांची सगळी कमाई एका सेकंदात जाते.

उभी गाडी टिकते हा गैरसमज आपल्या हवेत आणखी महाग पडतो. सोलापूर-अक्कलकोट पट्ट्यात मे महिन्यात पारा 42-43 अंशांवर जातो. पत्र्याच्या शेडमध्ये त्याहूनही जास्त. त्या उष्णतेत दारांची रबरे कडक होतात, सीटचे चामडे भेगाळते, बॅटरी मरते. टायर एकाच बाजूवर भार घेऊन चपटे होतात. शिवाय टायरच्या कडेला चार आकड्यांची तारीख छापलेली असते, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. 2315 असे वाचले की 2015 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसली तरी दहा वर्षांचा टायर ओल्या रस्त्यावर धोक्याचा. ब्रेक ऑइल हवेतले पाणी ओढून घेते आणि ते पाणी आतल्या नळ्या गंजवते. त्यात भर म्हणजे आता देशभर मिळणारे 20 टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल. इथेनॉलचा मोठा वाटा साखर कारखान्यांतून येतो, आणि आपला जिल्हा तर साखर कारखान्यांचाच. शेतकऱ्याच्या उसाला त्यामुळे नवा ग्राहक मिळाला, ही मोलाची गोष्ट आहे. पण इथेनॉल पाणी शोषते आणि महिनोन्महिने टाकीत राहिलेल्या मिश्रणात ते पाणी तळाला वेगळे पडू शकते. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरचे भाग अशा मिश्रणासाठी बनलेले नाहीत. यावर उपाय एकच: पेट्रोल फिरते ठेवा, नळ्या आजच्या दर्जाच्या घाला आणि गाडी दर पंधरा दिवसांनी इतकी चालवा की इंजिन, गिअरबॉक्स आणि ब्रेक सगळेच तापतील. जागेवर पाच मिनिटे इंजिन सुरू ठेवण्याने भले होत नाही, उलट सायलेन्सरमध्ये पाणी साचते.

अक्कलकोटच्या भोसले संस्थानिकांचे शस्त्रसंग्रहालय राजवाड्यात आहे. तिथल्या तलवारी, कट्यारी, बंदुका काचेआड निश्चल राहूनही तलवारी आणि बंदुकाच राहतात. लोखंडाला तेलाचा हात फिरवला की झाले. मोटार अशी ठेवता येत नाही, कारण तिच्यात लोखंडाइतकेच रबर, तेल, तारा आणि सील आहेत, आणि ते सगळे हालचालीवर जगतात. कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याने हे ओळखले आहे. 1930 च्या दशकातली त्यांची मेबॅक शाही दसऱ्याला रस्त्यावर येते आणि हजारो लोक ती चालताना पाहतात. वर्षातून एकदा गर्दीत मुंगीच्या पावलाने चालण्यासाठी त्या गाडीला वर्षभर चालत्या अवस्थेत ठेवावे लागते, आणि तीच तिची खरी जपणूक आहे. महाराष्ट्रात संग्रहाची याहून चांगली रीत मला माहीत नाही.

दुसरी हरकत पैशाची. कोणी म्हणेल, चालवण्याचे सुख ठीक, पण पन्नास लाख अडकवायचे तर ती गुंतवणूक म्हणूनच पाहिली पाहिजे. मग गुंतवणुकीच्या भाषेतच पाहू. मोटार विम्याच्या दरपत्रकात गाडीची विमा-किंमत दरवर्षी घटवली जाते: दुसऱ्या वर्षात 20 टक्के, पुढच्या वर्षांत 30, 40 आणि पाचव्यात 50 टक्के. हा तक्ता साध्या वॅगन आरला जसा, तसाच दोनशेंपैकी एक असलेल्या ऑक्टाव्हिया आरएसला. बाजारात तिचा भाव चढला असला तरी पाचव्या वर्षी ती चोरीला गेली तर निम्मेच हाती येणार. त्यात रस्ता कर, दरवर्षीचा विमा, टायर, सर्व्हिस आणि झाकलेली जागा यांचा खर्च मिळवा. तेवढे पैसे मुदत ठेवीत असते तर मिळाले असते ते व्याजही धरा. हा हिशेब मांडल्यावर नफ्यात राहणारी गाडी शेकड्यात एखादी. शिवाय परदेशच्या बाजारात चढणारे भाव आपल्या कामाचे नाहीत, कारण वापरलेली गाडी आयात करायची तर ती सहसा तीन वर्षांहून जुनी चालत नाही. 911 आर किंवा जुनी एम3 आज मनात आले म्हणून आणता येणार नाही. भारतीय संग्राहकाचे अंगण इथे नव्या विकल्या गेलेल्या गाड्यांपुरतेच आहे, आणि त्या अंगणात गिऱ्हाईकही थोडे. ज्याला परतावा हवा त्याने गाडीच्या वाटेला जाऊ नये.

कायद्याचीही अडचण आहे आणि तिच्याबद्दल गाडीप्रेमींनी आवाज उठवायला हवा. 2021 मध्ये केंद्राने विंटेज गाड्यांसाठी स्वतंत्र नियम केले. 50 वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात असलेल्या गाडीला नंबरप्लेटवर 'व्हीए' अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते, नव्या नोंदणीचे शुल्क 20 हजार आणि मुदत दहा वर्षे. अशी गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती यांसाठी तिला रस्ता मोकळा. नियम समजूतदार आहे. प्रश्न आहे तो मधल्या पस्तीस वर्षांचा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, त्यानंतर दर पाच वर्षांनी आरटीओत तपासणी आणि पुनर्नोंदणी, शिवाय पर्यावरण कर. 1998 ची सॅन स्टॉर्म 2048 मध्ये विंटेज होईल. तोवर कायद्याच्या लेखी ती आणि धूर ओकणारी भंगार गाडी एकच. 2016 ची पोलो जीटीआय 2031 मध्ये या रांगेत उभी राहील. महिन्यातून शे-दोनशे किलोमीटर चालणाऱ्या, नीट राखलेल्या आणि संख्येने नगण्य असलेल्या गाड्यांना पंचवीस-तीस वर्षांनंतर वेगळा वर्ग दिला तर शहरांच्या हवेचे काही बिघडणार नाही आणि देशाच्या मोटार-इतिहासाचे तुकडे भंगारात जायचे वाचतील. जुन्या गाड्या प्रदूषण करतात हा आक्षेप खरा आहे, पण प्रदूषण किती होते हे गाडी किती चालते त्यावर ठरते. तेव्हा वर्षाच्या किलोमीटरांची मर्यादा घालून हा वर्ग करता येईल.

म्हणून लिमिटेड एडिशनची गाडी समोर आली तर पाटीवरचा आकडा शेवटी वाचा. आधी आरसी बुक आणि प्रत्यक्ष चासी नंबर एकमेकांशी ताडून पाहा, सर्व्हिसच्या पावत्या तारखेनुसार लावा, टायरची तारीख वाचा, इंजिनाचे भाग सोलापूर-पुण्यात मिळतात का याची दोन गॅरेजांत चौकशी करा. मग ती स्वतः चालवून पाहा, तीही आपल्याच रस्त्यावर, गतिरोधकांसकट, सकाळी आणि भर दुपारी एसी लावून. उतरताना पुन्हा एक फेरी मारावी असे वाटले नाही तर सौदा सोडून द्या, मग ती शंभरांतली एक असो की दोघींतली एक. आणि घेतलीत तर पंधरा दिवसांतून एकदा तिला अक्कलकोटपर्यंत तरी न्या.